गोमा, तुला ताप नव्हता

पाटलाच्या बुकात तुझ्या नावापुढे 'ताप' लिहिलंय, गोमा. मी स्वतः जाऊन बघितलं. अक्षर वळणदार आहे, शाई नवी आहे आणि शब्द साफ खोटा आहे. तुला ताप नव्हता. दाजी मुकादमाने तुला फावड्याच्या दांड्याने मारलं, त्याच्या दोन माणसांनी तुझे हात धरले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भट्टीशेजारच्या खोपटात तू गेलास. तुझी सखू तिथेच होती. तिने मला सगळं सांगितलं. ते लिहिताना मला रडू यायला हवं, पण नुसता राग येतोय. दोनदा टाकाचं टोक मोडलं.

गेलेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणतात. पण जिवंतपणी तुझ्याशी जे बोलायचं ते मी बोललो नाही. दहा वर्षं मूग गिळून बसलो, आणि तू मातीखाली गेल्यावर मला कंठ फुटला. तू असतास तर म्हणाला असतास, "बैल मेला नि मास्तरानं चारा आनला." तसंच आहे ते. तरी ऐक.

तुझी-माझी गाठ माझ्या एम.ए.ने घातली. मी चौक गावच्या शाळामास्तरांचा मुलगा, म्हणून तू मला पहिल्यापासून 'मास्तर'च म्हणायचास. बी.ए. होऊन अर्थशास्त्राचा एम.ए. करायला मुंबईत राहिलो. परीक्षेऐवजी प्रबंध लिहायचा होता. आमचे प्रोफेसर म्हणाले, पुस्तकं पुष्कळ वाचलीत, आता तुमच्याच मुलखात जा आणि तिथला माणूस काम किती करतो, कसं करतो, का करतो ते विचारून या. मी विषय घेतला कर्जत-खालापूरच्या रानातल्या कोळसाभट्ट्यांवरचे मजूर. त्याआधी मी कोळसा फक्त आईच्या शेगडीत बघितला होता.

कोंडाण्याच्या वरच्या रानात शेठच्या भट्ट्या होत्या. मी त्याला पत्र लिहिलं, तर त्याने खुशीने बोलावलं. उतरायला आपला बंगला दिला, दोन वेळचं जेवण दिलं, डोंगर चढायला तट्टू दिलं. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी त्याचे आभार मानलेत. ज्याच्या ताटात जेवायचं त्याच्याच मजुरांची हकिगत लिहायची, हे मला तेव्हा सोयीचं वाटलं, चुकीचं वाटलं नाही. वाट दाखवायला शेठने तुला माझ्याबरोबर दिलं. भट्टी रचणाऱ्यांत तू सगळ्यात जाणता होतास आणि सगळ्या कातकरी वाड्यांवर तुझे सोयरे होते.

माझ्याजवळ छापील तक्ते होते. माणसामागे एक तक्ता, त्यात कामाचे तास, खाणं, घरातली माणसं, आणि शेवटी एक रकाना: कामावर गैरहजर असल्यास कारण. पहिल्याच दिवशी तू तो तक्ता उलटा धरून बघितलास, सुलटा धरून बघितलास आणि मला विचारलंस की एवढ्या खिडक्या कशाला. मी म्हटलं, माणसाची सगळी माहिती यात बसते. तू दिवसभर गालातल्या गालात हसत होतास. मला तुझा भयंकर राग आला होता. माझा राग तुला ठाऊक आहे, नाकाच्या शेंड्यावर असतो.

आपण भांडलो किती, गोमा. चढावर भांडलो, उतारावर भांडलो. मी तुला पुस्तकातला सिद्धान्त समजावून सांगितला होता. माणसाला कामाचा त्रास वाटतो आणि कामाच्या फळाची ओढ वाटते. त्रास ओढीपेक्षा जड झाला की माणूस हातातलं काम टाकतो. तू शांतपणे ऐकलंस, पान थुंकलंस आणि म्हणालास, "तुमच्या पुस्तकात मुकादम नाय वाटतं." मी म्हटलं, मुकादम म्हणजे देखरेख, त्याला वेगळं प्रकरण आहे. तू त्यावर इतका हसलास की तुला खाली बसावं लागलं. मी मात्र तेव्हा मनात धरलं की या माणसाला शास्त्र कळत नाही.

कळत होतं ते तुलाच. भट्टी कशी रचायची ते तू मला दाखवलंस. ओंडके उभे लावायचे, वर गवत, वर ओली माती, आणि धुराला भोकं. धूर पांढरा असतो तोवर लाकूड ओलं, निळसर झाला की भोकं बुजवायची. मग थांबायचं. आत विस्तव विझून गार होईपर्यंत भट्टीला हात लावायचा नाही. हे थांबणं सगळ्यात अवघड, तू म्हणायचास, कारण कोळसा तयार दिसतो आणि नसतो. घाईने उघडली की वारा शिरतो आणि सगळी भट्टी पेटून राख होते. माझ्या प्रोफेसरांनी मला दोन वर्षांत जेवढं शिकवलं त्याहून जास्त मी तुझ्याकडून त्या एका हंगामात शिकलो, आणि प्रबंधात तुझं नाव एकदाही घेतलं नाही.

माझा पाय भट्टीत गेला ते आठवतं? चढू नको म्हणून तू सांगितलं होतंस. मी चढलो, कारण मला वरून भोकं मोजायची होती. माती खचली आणि डावा पाय गुडघ्यापर्यंत आत. तू मला काखेत हात घालून उपसलंस, जमिनीवर आपटलंस आणि पेटलेलं धोतर नुसत्या तळहातांनी विझवलंस. वर माझ्या आईवरून अशी शिवी दिलीस की आजवर मला कोणी दिली नाही. तुझे तळहात सोलून निघाले होते. चार दिवस तुला भाकरी मोडता येत नव्हती, सखू भरवायची. पोटरीवर माझा डाग अजून आहे. तुझे हात बरे झाले की नाही ते मी विचारलंसुद्धा नाही, इतका मी माझ्या पायात गुंग होतो.

आता ती साजगावची जत्रा. तिच्यापाशी आल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. कार्तिकातली गोष्ट, हंगाम नुकताच उभा राहिला होता. मला बघायचं होतं की मजूर जत्रेला जातात का, काय खातात, किती वेळ घालवतात. तू म्हणालास, मुकादमाला सांगितल्याशिवाय भट्टी सोडता यायची नाही. मी म्हटलं, त्याची काळजी नको, मी शेठना सांगतो. आणि मी विसरलो. शपथेवर सांगतो, विसरलो. शेठबरोबर जेवायला बसलो, गप्पा मुंबईच्या निघाल्या, आणि तुझी गोष्ट माझ्या डोक्यातून गेली. दुसऱ्या दिवशी आपण गेलो. तू सुकट घेतलीस, सखूसाठी काचेच्या बांगड्या घेतल्यास, उसाचं कांडं खात माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलीस. मी वहीची अकरा पानं भरली.

परत आलो तेव्हा दाजी वाटेतच उभा होता. त्याने मला रामराम केला, 'या साहेब' म्हणाला, तट्टाचा लगाम धरला. मग तुझी मानगूट पकडली. मी म्हटलं, अहो, मीच नेलं होतं त्याला. तो म्हणाला, तुम्ही मोठी माणसं, तुमचं काही नाही, याला ठाऊक असायला हवं होतं. तुला ऐनाच्या झाडाला छाती टेकवून बांधलं आणि ओल्या बांबूच्या फोकाने मारलं. पाठ फुटली. बांगड्या तुझ्या कमरेला पंच्यात बांधल्या होत्या, त्या फुटून मांडीत घुसल्या. मी पंधरा पावलांवर उभा होतो. हातात पेन्सिल होती. पुढे होऊन त्या हरामखोराचा हात धरायला पंधरा पावलं पुरली असती, पण मला वाटलं, शेठ काय म्हणेल, उरलेली गावं कशी बघू देईल, प्रबंध अर्धवट राहील. हेच वाटलं, गोमा. दुसरं काही नाही. तू मान वळवून माझ्याकडे एकदा बघितलंस, आणि मग झाडाकडे तोंड केलंस.

पाच दिवस तू पालथा पडून होतास. त्या पाच दिवसांत मला दुसरा वाटाड्या दिला गेला. सहाव्या दिवशी तू लंगडत आलास, मीही तक्ता काढला, कारण तुझाही तक्ता भरायचा होता. गैरहजर दिवस पाच. कारण मी विचारलं नाही, तूच सांगितलंस: "मारलं म्हनून." मी लिहिलं. खोटं सांगत नाही, मी तेव्हा तसंच लिहिलं, 'मारहाण'. आणि मग बाकीच्या वाड्यांवर जाऊन विचारलं तर कोणाचे तीन दिवस, कोणाचे आठ, एका बाईचा पंधरवडा. मुकादम जवळ नसेल तेव्हा सगळे तेच सांगायचे. माझा तो रकाना त्या एकाच शब्दाने भरून गेला.

मुंबईला प्रोफेसरांनी कच्चा प्रबंध वाचला. माणूस वाईट नव्हता, आवाज चढवायचा नाही, चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. त्यांनी त्या रकान्याखाली तांबडी रेघ मारली. म्हणाले, मारहाण हा फौजदारीचा विषय आहे, अर्थशास्त्राचा नाही. गैरहजेरीची मान्य कारणं म्हणजे आजार, सण, लग्नकार्य, आळस. यातलं जे जवळ येईल ते घाला. मार खाल्लेला माणूस अंथरुणावर असतो, म्हणजे आजारीच ना? मी म्हटलं, हो. गोमा, मी एका शब्दानेही वाद घातला नाही. तुझ्याशी मात्र चढावर दम लागेस्तोवर भांडायचो. खोलीवर येऊन रबर घेतलं आणि एकेका तक्त्यावरून तो शब्द पुसत गेलो. त्याच्या जागी लिहिलं 'ताप'. नुसतं 'आजार' लिहिलं तर परीक्षक विचारतील कसला, म्हणून ताप. रानात हिवताप असतोच, कोण शंका घेणार.

मला पहिला वर्ग मिळाला. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मी ठासून लिहिलं होतं की या भागातल्या मजुराची कामाची ताकद तापाने खाल्ली आहे, तेव्हा सरकारने भट्ट्यांवर कोयनेल, म्हणजे हिवतापाची कडू पूड, पुरवावं. परीक्षकांना ती सूचना फार आवडली.

कातडी पुठ्ठ्यात बांधलेली प्रत घेऊन मी वाडीवर आलो. अंगात नवा कोट होता. तुझ्या अंगणात बसून मी तुला तो इंग्रजी प्रबंध मराठीत सांगत होतो आणि सखू दाराशी उभी राहून ऐकत होती. तू मधेच म्हणालास, माझे पाच दिवस कुठं हायत ते वाचा. मी टाळलं. तू पुन्हा म्हणालास. मी पान काढलं आणि सांगितलं: ताप. तू हसला नाहीस. सखूकडे बघितलंस आणि अगदी साध्या आवाजात विचारलंस:

"मास्तर, तुमच्याकडं ताप काठी घिऊन येतो व्हय?"

मी तुझ्या थोबाडीत मारली. तुझ्या दारात, तुझ्या बायकोसमोर, तुझ्याच अंगणात पाणी पिऊन. खाडकन आवाज झाला आणि कोंबड्या पळाल्या. दाजीने निदान झाडाला बांधून मारलं, मी तुला मोकळा ठेवून मारलं, कारण मला ठाऊक होतं की तू हात उगारणार नाहीस. ज्या हातांनी तू माझं जळतं धोतर विझवलं होतंस ते हात तू मांडीवर तसेच ठेवलेस. म्हणालास, "ह्येबी ताप म्हनून लिवा." मी उठलो आणि चालता झालो. खाली कोंडाण्यापर्यंत येईस्तोवर मी तुलाच शिव्या देत होतो. कृतघ्न म्हणालो तुला. मला शब्दसुद्धा किती अचूक सुचला बघ, फक्त माणूस चुकला.

पुढे कॉलेजात प्रोफेसर व्हायचं माझं स्वप्न काही फळलं नाही. कर्जतच्या इंग्रजी शाळेत मास्तर झालो. शाळेच्या कमिटीवर शेठ होता, त्यानेच शब्द टाकला. माझ्या प्रबंधाची एक प्रत मी त्याला दिली होती, 'सादर भेट' लिहून, खाली सही करून. त्याने ती वरच्या साहेबांना दाखवली असणार, कारण वर्षभरात भट्ट्यांवर कोयनेलच्या पेट्या आल्या. माझी सूचना अमलात आली म्हणून मी घरी पेढे आणले होते.

त्या कोयनेलचं काय झालं ते मला तुमच्या वाडीतल्या माणसाने खूप उशिरा सांगितलं. दाजी माणसाला झोडपायचा आणि मग त्याचे जबडे दाबून तोंडात कोयनेलची पूड घालायचा. सरकारी औषध, म्हणायचा, मास्तरच्या बुकात लिहिलंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा अक्षरशः दिला जात होता, आणि त्या पेट्या माझ्यामुळे तिथे पोचल्या होत्या. हे ऐकल्यावर मी काय केलं? दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी जेवलो आणि शाळेत गेलो.

गेल्या वर्षी कर्जतच्या बाजारात तू दिसलास. केस पिकले होते, डावा खांदा उतरला होता. माझ्याबरोबर माझी धाकटी लेक होती. मला वाटलं तू तोंड फिरवशील. तू पानात गुंडाळलेलं मधाचं पोळं काढून तिच्या हातात दिलंस आणि तिला म्हणालास, तुझा बाप एकदा भाजला होता गं, लई रडला होता. ती खिदळली. मीही हसलो. माफी अगदी माझ्या दातांपर्यंत आली होती, गोमा. आणि मी विचारलं काय, तर यंदा मध कसा आहे. तू म्हणालास, बरा हाय. मग तू गेलास. लेकीने बोटं चाटत मला विचारलं, हे काका कोण, आणि मी सांगितलं, ओळखीचे आहेत. तेवढंच सांगितलं.

आता जे झालं ते मला सखूकडून कळलं. खाली गाड्या येऊन उभ्या होत्या आणि शेठला माल हवा होता. दाजीने तुला भट्टी उघडायला सांगितली. तू हात लावून बघितलंस आणि म्हणालास, आत विस्तव हाय, उद्यापर्यंत थांबा. दाजीने दुसऱ्याला उघडायला लावली. वारा शिरला आणि भट्टी भडकली, सगळा माल राख. चूक दाजीची आणि राग तुझ्यावर, चोराच्या उलट्या बोंबा. म्हणे तूच काहीतरी करणी केलीस. फावड्याचा दांडा डाव्या बाजूने बरगड्यांवर, मग पाठीवर, तू खाली पडल्यावर पोटावर. दोन दिवस तू रक्त ओकलास. दाजीने तुलाही कोयनेल घातलं. मेल्यावर पाटलाला निरोप गेला, ताप येऊन मेला. वाडीतल्या चौघांनी तुला ओढ्याकाठी करंजाखाली पुरलं. दाजी शेवटची माती पडेपर्यंत तिथे उभा होता.

सखू मला बोलवायला आली नव्हती. माझ्या दारात उभं राहण्याइतकं मी काय केलंय तिचं? बाजारात तिला पांढऱ्या कपाळाने बघितलं आणि मीच तिच्यामागे गेलो. तिने मला चालता चालता सगळं सांगितलं, एकदाही माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, आपण मामलेदारांकडे जाऊ. ती म्हणाली, तुमी जावा. पण मी निघालो तेव्हा ती वीस पावलं मागे ठेवून येत राहिली.

कचेरीत माझ्याआधी शेठ पोचला होता, कोणीतरी त्याला खबर दिली असणार. खुर्चीवर बसला होता. आणि गोमा, टेबलावर माझा प्रबंध होता. कातडी पुठ्ठ्याचा, माझ्या सहीचा, बरोबर त्या तक्त्याच्या पानात खूणचिठ्ठी घातलेला. शेठ मला म्हणाला, या मास्तर, बरं झालं आलात, साहेबांना तुम्हीच समजावून सांगा, तुम्ही या विषयाचे एम.ए. या रानात दरसाल किती लोक तापाने पडतात ते तुम्हीच शोधून काढलंय.  तुला मारणाऱ्याला वाचवायला माझंच पुस्तक साक्षीला उभं होतं.

मी सांगितलं. बसलोही नाही, उभ्यानेच सांगितलं. हा तक्ता खोटा आहे. मूळ शब्द मारहाण होता, मी माझ्या हाताने पुसून ताप केला. जत्रेनंतर गोमाला झालेल्या मारहाणीचा मी डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार आहे. शेठचा चेहरा उतरला नाही, त्याने फक्त पायावरचा पाय बदलला. मामलेदारसाहेबांनी मला लेखी द्यायला सांगितलं. मी लिहून दिलं, वर विद्यापीठालाही कळवतो असं लिहिलं. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं:

"मास्तर, तेव्हा पदवीसाठी खोटं लिहिलंत असं तुम्हीच म्हणता. मग आज खरं सांगताय हे मी कशावरून धरू?"

   इतक्या वर्षांनी एकदा खरं बोललो आणि ते खरं ठरवायला माझ्याजवळ माझ्या शब्दाशिवाय काही नव्हतं, आणि तो शब्द मीच कवडीमोल करून ठेवला होता. शेठ हळूच हसला. मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो, खुर्चीसकट उलथा केला असता, पण शिपायाने माझा दंड धरला होता.

तेवढ्यात सखू आत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. उंबऱ्यावर थांबलीसुद्धा नाही, थेट टेबलापाशी आली. साहेबांकडे बघून म्हणाली, मास्तराचं खरं नाय, माजं खरं नाय, ऱ्हाऊ दे. त्याला वर काढा नि बघा. तापानं हाडं मोडत नाईत.

 शेठ म्हणाला, पुरलेल्या माणसाला उकरणं हा अधर्म आहे. सखू त्याच्याकडे वळली नाही. मामलेदारसाहेबांनी चष्मा पुन्हा चढवला, दौत पुढे ओढली. मग त्यांनी हुकूम लिहिला. दवाखान्याचे डॉक्टर येणार, फौजदार येणार, स्वतः साहेब येणार. उद्या सकाळी. दाजीला आजच कचेरीत बसवून ठेवलंय.

मी हे शाळेच्या ओट्यावर बसून लिहितोय. मुलं घरी गेली. कमिटीचा शिपाई कागद देऊन गेला, सोमवारपासून येऊ नये म्हणून. विद्यापीठाला पत्र कचेरीतून परतताना टाकलं. एम.ए.ची ती दोन अक्षरं काढून घेतली तर घेऊ देत. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, हे दहा वर्षांपूर्वी केलं असतंत तर मी कौतुक केलं असतं. तिचंही बरोबर आहे. मला वाटलं होतं की लिहून झाल्यावर मन हलकं होईल. काही होत नाही. तू मला क्षमा केलीस की नाही हे मला कधी कळणार नाही, आणि मी ती मागितली नव्हती हे मला रोज आठवणार.

उद्या तुला उठवणार, गोमा. मला ओळख पटवायला बोलावलंय. तुझा चेहरा कसा असेल ते माझ्या मनात येतं आणि मी हात धुऊन येतो. पण मी येणार. पंधरा पावलांवर उभा राहणार नाही.

मघाशी सखू आली होती. ओट्याखाली उभी राहिली. विचारलं, खनायला कोन येनार. मी म्हटलं, फौजदार दोन माणसं आणणार आहेत. ती काही वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग म्हणाली:

"त्यांना म्हनावं, हळू खना. डाव्या अंगाला त्याला लई दुखत होतं."

मी म्हटलं, त्यांना नको, मीच खणतो. खालची माती हातांनी काढतो. तिने पहिल्यांदा माझ्याकडे वर बघितलं, आणि म्हणाली, मग लवकर या.